अर्धी मैना

बाबा मला भेटायला जर्मनीला आले, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे ते एक मैना घेऊन आले होते, आणि तीही अर्धीच.

फ्रँकफर्टच्या विमानतळावरून लुडविग्सहाफेनला घरी पोचेपर्यंत त्यांनी हातातली कापडी पिशवी कुणाला दिली नाही. माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या लाडक्या जावयाने, दोन-तीनदा मागून पाहिली. मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि नातीचे फ्रॉक भरलेली भलीमोठी बॅग त्यांनी खुशाल डिकीत टाकू दिली. पिशवी मात्र मांडीवर. घरी आल्यावर चहाच्याही आधी त्यांनी ती उघडली. आत उशीचा अभ्रा, अभ्र्यात टॉवेल आणि टॉवेलात आईचं भरतकाम. अजून रिंगेत ताणलेलंच होतं.

"हे पुरं करून घ्यायचं, तुझ्या भिंतीवर लावायचं आणि परत जायचं," बाबा म्हणाले. "तुझ्या आईची इच्छा होती. माझं इथलं काम तेवढंच."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू आहेसच की."

बाबांचं बोलणं हे असं. सगळी नोकरी सातारला जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात गेली, त्यामुळे जे सांगायचं ते गळती कुठे आहे हे सांगितल्यासारखं सांगायचे. मला चटकन राग येतो, तो त्यांच्याकडूनच आलाय असं आई म्हणायची. फरक एवढाच की त्यांचा आत राहायचा आणि माझा बाहेर पडतो.

पांढऱ्या साटीनवर आंब्याची फांदी आणि फांदीवर राघू-मैना, असं ते चित्र होतं. माझं लग्न झालं तेव्हा आईने रुखवतात तोरणं, रुमाल, उशांचे अभ्रे, काय काय मांडलं होतं. विमानाच्या वजनात त्यातलं काहीच बसलं नाही. सगळं सातारच्या कपाटात राहिलं. "निदान एक जोडी तरी तुझ्या घरात असू दे," असं म्हणून तिने हे नवीन भरायला घेतलं. आईचा हात फार सफाईचा. राघूला तिने हिरव्याच्या इतक्या छटा लावल्या होत्या की आमची गल्ली बघायला आली होती. लाल चोच, गळ्याला कंठ, डोळ्यात गाठीचा इवलासा टाका. फोनवर मला म्हणाली, "राघू बसलाय गं फांदीवर. आता तुझी मैना."

मग तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. काही महिन्यांनी बोटं थोडी हलायला लागली तेव्हा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, काहीतरी बारीक काम करत राहा. आईने रिंग मागितली. आणि ज्या माणसाने जन्मभर "दोऱ्यावर जीव टाकतेस, माझ्या शर्टाला बटण नाही" म्हणून तिला चिडवलं, तो माणूस रिंग धरून तिच्यासमोर बसायला लागला.

सुट्टीत गेले तेव्हा मी ते पाहिलं. सकाळचं ऊन ओसरीवर आलं की दोघं बसायची. आईचा तो हात नेहमी गार पडलेला असायचा. बाबा आधी तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळायचे, गरम झाला की मग तिच्या बोटांत सुई द्यायचे. तिने टाका घालावा आणि तो भलतीकडेच जावा. ती जीभ दातांत धरायची, घामाघूम व्हायची. टाका झाला की म्हणायची, "अहो, सुई." तोवर बाबांनी पुढच्या सुईत दोरा ओवून ठेवलेला असायचा. मैनेचा पंख झाला, मान झाली. सगळे टाके वेडेवाकडे, कुठे लांब, कुठे एकावर एक चढलेले. झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांसारखी ती मैना दिसायची. आई तिच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसायची. "माझ्यासारखीच झालीय बया," म्हणायची. पोट, शेपूट आणि डोळा राहिला होता. तेवढ्यात दुसरा झटका आला आणि आई गेली.

मावशी म्हणाली, द्या इकडे, आठवड्यात करून देते. बाबांनी दिलं नाही. शिलाई मशीनवर भरतकाम करून देणाऱ्याकडे तर त्यांनी नुसतं डोळे वटारून बघितलं. माझा प्रश्नच नव्हता, मला साधं हुक लावता येत नाही. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि मग तीन महिन्यांचा व्हिसा काढून माझ्याकडे आले. इथे ते कोण पुरं करणार होतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. एका संध्याकाळच्या भरतकामाच्या वर्गात त्यांना घेऊन गेले. तिथल्या बाईंनी मोठ्या प्रेमाने आपले फुलीच्या टाक्यांचे नमुने दाखवले. बाबा "छान, छान" म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी रिंग परत टॉवेलात गुंडाळली.

जानेवारीचे दिवस होते. बाबा दिवसभर माकडटोपी घालून खिडकीखालच्या हीटरजवळ बसायचे आणि त्याची खुंटी फिरवून बघायचे. पाण्याच्या पाइपांत आयुष्य गेलेला माणूस, गप्प कसा बसेल?

"जावईबापू, ह्यातलं गरम पाणी येतं कुठून? बंब कुठेय तुमचा?"

"बंब नाहीये इथे, बाबा. फेर्नवेर्म आहे. गावाचा कचरा एका प्लांटमध्ये जाळतात, त्याची उष्णता पाइपांनी घरोघरी येते."

"म्हणजे खाली अंगणात तो काळा डबा आहे, त्यातला पण?"

"गेनाऊ. तोच."

"म्हणजे तुम्ही आपल्याच कचऱ्यावर शेकता होय!"

त्यांना ते इतकं आवडलं, की कॉलिंग कार्ड संपेपर्यंत सातारच्या सगळ्या पेन्शनरांना सांगून झालं. आंघोळीनंतर हीटरला पाठ लावून म्हणायचे, "कालचा कचरा चांगला होता." मी हसले की त्यांना बरं वाटायचं. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच थट्टा करत होते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक चिनी शेजारीण राहायची. माझ्या नवऱ्याच्याच खात्यात केमिस्ट होती. तिचा नवरा कसल्याशा प्रोजेक्टसाठी शांघायला गेला होता आणि त्याचं परत येणं सारखं पुढे ढकललं जात होतं. तान्ह्या बाळाला सांभाळायला तिची आई चीनहून आली होती. आमच्या घरात त्यांचं नाव 'वरच्या आजी' असं पडलं होतं. त्यांच्या नवीन वर्षाला शेजारणीने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. आमच्यासाठी कोबीचं सारण घालून वेगळे मोदक, म्हणजे आम्ही त्यांना मोदकच म्हणायचो, उकडून ठेवले होते.

जेवणं झाल्यावर बाबा खिडकीजवळच्या एका लाकडी चौकटीपाशी जाऊन उभे राहिले. छोट्या खाटेएवढी ती चौकट, तिच्यावर फिकट रंगाचं रेशमी कापड तबल्यासारखं ताणलेलं, आणि कापडावर तळ्यात पोहणारी बदकांची जोडी. नर झगझगीत, केशरी-निळा. मादी साधी, तपकिरी. भोवती कमळं. मी आयुष्यात इतकं बारीक भरतकाम पाहिलं नव्हतं. टाका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच दिसत नव्हतं. वरच्या आजी उठून आल्या. त्यांनी रेशमाचा एक धागा घेतला, नखाने त्याचे दोन केले, दोनाचे चार, आणखी करत गेल्या. शेवटी त्यांच्या बोटांत काहीतरी आहे हे फक्त उजेडात धरल्यावर कळत होतं.

"पाण्याला एवढा बारीक लागतो, असं आई म्हणते," शेजारीण जर्मनमध्ये म्हणाली. मग तिने एकेक दाखवलं आणि मी बाबांना मराठीत सांगत गेले. बदकांची जोडी म्हणजे नवरा-बायको. कमळाचं बोंड म्हणजे मुलंबाळं. कोपऱ्यात फुलांच्या आडून उडतंय ते वटवाघूळ, ते घरात भाग्य आणतं.

"वटवाघूळ?" बाबा म्हणाले. "आमच्याकडे ते घरात शिरलं तर केरसुणी घेऊन मागे लागतात."

मी भाषांतर टाळलं. माझ्या लेकीने मात्र ते ताबडतोब जर्मनमध्ये सांगून टाकलं. वरच्या आजींना ते चिनीत कळेपर्यंत थोडा वेळ गेला, आणि मग त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

निघताना शेजारणीने मला हळूच सांगितलं, "दिवाणखान्यात लावायचं आहे. आईला वाटतं, जोडी भिंतीवर असली की तो परत येईल." तीही हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर बाबा घरात नव्हते. वर सापडले. वरच्या आजींना सुईत दोरा ओवता येत नव्हता, डोळे दुखत होते, ते बाबांनी आदल्या दिवशीच हेरलं होतं. सकाळी जाऊन त्यांनी त्यांच्या हातातून सुई काढून घेतली आणि पहिल्या झटक्यात ओवून दिली. त्यांना सवयच होती. तेव्हापासून हे रोजचंच झालं. नाश्ता करून बाबा वर जायचे, बाळ झोपलेलं असायचं, आजी भरत असायच्या आणि बाबा ओवलेल्या सुया एका उशीवर ओळीने टोचून ठेवायचे. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. बाबा मराठीत बोलायचे, त्या चिनीत.

"काय बोलता हो तुम्ही?" मी विचारायची.

"मी कृष्णेच्या पाइपलाइनचं सांगतो. ती काय सांगते ती जाणे."

"सातारला कळलं तर काय म्हणतील लोक?"

"काय म्हणतील? म्हातारा सुईत दोरा ओवतो म्हणतील. ओवतोच."

फेब्रुवारीत एके संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगितलं, "दिलं." मी समजले. इतके दिवस त्यांनी ती रिंग कुणाच्याही हातात दिली नव्हती. "बोटाने दाखवलं, इथून इथपर्यंत राहिलंय. पोट, शेपूट आणि डोळा. तिने मान हलवली."

"नीट कळलं ना त्यांना? मी शेजारणीला सांगू का?"

"ती कुठल्याशा गावाला गेलीय कामासाठी. आणि मान कळते गं. मान सगळीकडे सारखीच असते."

वरच्या आजींनी आपली बदकं बाजूला ठेवली आणि आमची मैना घेतली. पण त्या ती बाबांसमोर भरत नसत. बाबा वर गेले की तिच्यावर रुमाल झाकलेला असायचा. बाबांनी रुमालाकडे बोट दाखवलं की त्या लहान मुलीसारखं बोट नाचवून नाही म्हणायच्या. बाबांना मजा वाटायची. "सरप्राइज द्यायचंय म्हणे तिला," असं सांगायचे. त्यांनी दिवाणखान्यातली जागा ठरवली, सोफ्याच्या वर, खिडकीच्या बाजूला. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून फ्रेम आणली. रविवारी सकाळी भिंतीत भोक पाडायला ड्रिल घेऊन उभे राहिले तेव्हा मी धावत जाऊन ते हिसकावून घेतलं. रविवारी ड्रिल चालवलं असतं तर अख्खी इमारत आमच्या दारात आली असती. बाबा म्हणाले, "काय देश आहे, रविवारी खिळा ठोकता येत नाही." सोमवारी संध्याकाळी जावईबापूंनी खिळ्याचं काम केलं. मोकळा खिळा बघत बाबा रोज चहा प्यायचे.

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी दुपारी वरच्या आजी आणि शेजारीण खाली आल्या. मी शिरा केला होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आजींच्या हातात लाल कागदात बांधलेलं पुडकं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी बाबांना दिलं. बाबांनी कागद न फाडता हळूहळू सोडवला. आत रिंग काढून वेगळी ठेवली होती.

मैना जिवंत होती. दुसरा शब्द नाही. पंखातलं एकेक पीस वेगळं, तपकिरीचं काळं होत गेलेलं, काळ्यावर निळसर झाक. पोट मऊ. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका. राघूकडे मान किंचित कलती करून बसली होती.

"बाबा, किती सुंदर झालंय हो," मी म्हणाले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

बाबा पंखात काहीतरी शोधत होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मानेवरून, पंखावरून अंगठा फिरवला. मग कापड उलटून मागची बाजू पाहिली. तीही तितकीच स्वच्छ होती, एक गाठ नव्हती की एक सुटलेलं टोक नव्हतं.

"हिचं कुठंय गं?" ते मला हळूच म्हणाले.

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शेजारणीला विचारलं, आधीचे टाके होते त्यांचं काय झालं? तिने आईला विचारलं. आजींचा चेहरा खुलला, त्या हात हलवून भरभर सांगायला लागल्या, किती वेळ सांगत होत्या. शेजारणीने ते जर्मनमध्ये केलं.

"आई म्हणते, ते हिरवं पाखरू धडधाकट होतं, पण दुसरं आजारी होतं. नवरा-बायकोच्या घरात अशी जोडी लावायची नसते. त्यातलं आजारी असतं ते आधी जातं. आईच्या स्वतःच्या लग्नाच्या उशीवर एक बदक फिकं भरलं गेलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही, आणि माझे वडील लवकर गेले. तुमच्या घरात तसं होऊ नये म्हणून तिने आधीचं सगळं उसवलं आणि पहिल्यापासून भरलं. सगळ्यात बारीक धाग्याने. म्हणते, आता ती बरी झालीय."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"एक अक्षर बोलायचं नाही."

"अहो पण बाबा..."

"हात जोड."

ते स्वतः उभे राहिले, वरच्या आजींसमोर हात जोडले आणि त्यांना येत होतं तेवढं जर्मन म्हणाले, "डांके शोन." मग त्यांनी स्वतःच्या हाताने आजींना शिरा वाढला, नको म्हणत असताना पुन्हा वाढला. फ्रेम तेव्हाच लावायची म्हणून हट्ट धरला. जावयाने ती खिळ्यावर टांगली. माझ्या लेकीने टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या. वरच्या आजी दूर जाऊन, मान वाकडी करून, फ्रेम सरळ आहे ना ते बघत होत्या. फ्रेम सरळ होती.

दार लावलं आणि मी सुटले. विचारता येत नव्हतं का त्यांना? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना माणूस विचारतो की नाही? वाकडे का होईनात, कुणाचे टाके आहेत हे तरी बघायचं! मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. बाबा सोफ्यावर फ्रेमखाली बसले होते.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "तिने काय वाईट केलं? तुझ्या आईला वाकडा टाका दिसला असता तर तिने काय केलं असतं? तुझ्या शाळेच्या रुमालाचं काय केलं होतं?"

खरं होतं. शाळेत द्यायच्या रुमालावर मी घातलेले टाके आईने मी झोपल्यावर उसवले होते आणि सकाळी मला गुलाबाचं फूल तयार मिळालं होतं. मी नळ बंद केला.

"मग तुम्ही इतके गप्प का?"

बाबांनी वर फ्रेमकडे पाहिलं. "राघू तिचा होता गं," ते म्हणाले. "मैना आमची दोघांची होती. एवढा संसार केला, पण मी कामावर आणि ती घरात. एका जागी बसून दोघांनी मिळून केलेली ती एकच वस्तू." आणि त्यांना रडू आलं. आईच्या वेळी सगळं नीट पार पाडणारे बाबा शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिले. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे वर गेले. त्यांनी सुया ओवून दिल्या. मग खिशातून आईच्या तपकिरी दोऱ्याची उरलेली लडी काढली, ती आजींना दाखवली आणि हाताने उसवल्यासारखं करून, ते कुठे आहे म्हणून विचारलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आजींना लगेच कळलं. त्या त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, ओट्याखालचा डबा उघडून दाखवला आणि खिडकीतून खाली अंगणाकडे बोट केलं.

मी ऑफिसमधून आले तेव्हा बाबा अंगणात काळ्या डब्यापाशी उभे होते. माकडटोपी, स्वेटर, पायात घरातल्या सपाता. डब्याचं झाकण त्यांनी उघडून धरलं होतं. आतमध्ये दोन-चार पिशव्या होत्या.

"बाबा, काय करताय थंडीत?"

"ते टाके," ते म्हणाले. "उसवलेले."

"आता कुठले असायला? उसवून महिना झाला असेल. केव्हाच गाडीतून गेले असतील."

"कुठे नेते ती गाडी?"

त्यांनी झाकण हळूच खाली सोडलं.

"जाळतात ना?" ते म्हणाले.

"हो, बाबा."

कठडा धरून ते जिना चढले. घरात आल्यावर त्यांनी माकडटोपी काढली नाही, चहा नको म्हणाले. खुर्ची ओढून खिडकीपाशी नेली, हीटरची खुंटी पुरती फिरवली आणि दोन्ही तळवे हीटरवर ठेवले. मला वाटलं, हात गारठलेत म्हणून. पण ते हात काढेनात. मधूनच हीटरच्या लोखंडावरून तळवे हळूहळू पुढेमागे फिरवायचे. ओसरीवर, उन्हात, आईचा हात ते असाच चोळायचे. ते आठवलं आणि मी दारातच उभी राहिले.

माझी लेक त्यांच्याजवळ गेली. "आजोबा, इस्ट डिअर काल्ट?" तिने विचारलं.

"नाही बाळा, थंडी नाही वाजत," बाबा म्हणाले. तिने आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला आणि गरम लागला म्हणून लगेच काढून घेतला. त्यांनी काढला नाही.

मार्च संपताना ते परत गेले. वरच्या आजी सोडायला खालच्या दारापर्यंत आल्या होत्या. बाबांनी आईची रिंग कागदात गुंडाळून त्यांना दिली. त्या इवल्याशा लाकडी कड्याचं त्या काय करणार होत्या कोण जाणे, त्यांची चौकट केवढी मोठी. पण त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरली. आधीच्या टाक्यांबद्दल त्यांना कुणी कधी काही सांगितलं नाही. बाबांनी माझ्याकडून तसं वचनच घेतलं होतं. पुढे त्यांची बदकं पुरी झाली, वरच्या दिवाणखान्यात लागली. शेजारणीचा नवरा आला नाही. वर्षभराने ती बाळाला आणि आईला घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेली. जाताना तिने बदकांची फ्रेम स्वतः उचलून गाडीत ठेवलेली मी खिडकीतून पाहिली.

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण मैनेसमोर थांबतो. हे कुणी केलं म्हणून विचारतो. राघू माझ्या आईने आणि मैना एका चिनी आजींनी, असं मी सांगते. लोकांना ते फार आवडतं. मला ती मैना आवडत नाही असं नाही. पण तिच्याकडे बघताना मी कायम तिच्याखाली होती ती दुसरी, पिंजारलेली, डोळा नसलेली मैना शोधते.

बाबांनी त्या चित्राचं नाव पुन्हा काढलं नाही. दर रविवारी फोन व्हायचा, त्यात जावयाची नोकरी, नातीची शाळा, सातारच्या पाण्याची बोंब, सगळं असायचं. ऑक्टोबर लागला की मात्र ते मध्येच विचारायचे, "हीटर चालू केला का गं?"

"अजून तशी थंडी नाही हो बाबा."

"मग थोडा कर की. काय बिघडतं?"

मी फोन कानाला लावूनच जायची आणि खुंटी फिरवायची. पाइपातून पाण्याचा आवाज आला की त्यांना सांगायची, "केला." ते "बरं" म्हणायचे.

बाबा गेले त्या उन्हाळ्यात मी सातारला जाऊन सगळं आवरून आले. आईच्या कपाटातलं रुखवत मावशीकडे दिलं. तपकिरी दोऱ्याची लडी बाबांच्या चष्म्याच्या डबीत सापडली, तेवढी घेऊन आले. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी सकाळी काचांवर पहिल्यांदा धुकं धरलं. फोन वाजायच्या वेळी मी उगाचच फोनजवळ बसले होते. मग उठले, खिडकीपाशी गेले आणि हीटरची खुंटी फिरवली. पाण्याचा आवाज आला. लोखंड अजून गारच होतं. मी दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि ते गरम होईपर्यंत हळूहळू चोळत राहिले.